मुडदुशीला लांब फेक नको, बारीक गळ हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की तिची वेळ आणि उंची वर्तमानपत्रांत ठळक चौकटीत येते. पाणी तुंबण्याच्या भीतीने ती माहिती लागते, हे खरेच. पण दसरा झाला की ती चौकट नाहीशी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ, बेलापूर भागातून रविवारी रॉड-रीळ घेऊन किनाऱ्याकडे निघणाऱ्यांना तिची सर्वांत जास्त गरज असते. भरती आणि ओहोटीच्या दोन-दोन वेळा, उंचीसह, वर्षभर छापाव्यात. रोज जमत नसेल तर निदान शनिवारच्या अंकात छापाव्यात, ही आमची विनंती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत मुंबईच्या अपोलो बंदराच्या वेळा दिलेल्या असतात. सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी या चार नोंदी सहज मावतील.

ही मागणी आम्ही मुख्यतः एका माशासाठी करतो आहोत. तो मासा म्हणजे मुडदुशी. काही ठिकाणी तिला रेणवी म्हणतात, इंग्रजी पाटीवर ‘लेडी फिश’ लिहिलेले असते. किनाऱ्यावरून, होडीशिवाय, साध्या सामानात धरता येणाऱ्या माशांत इतका चवदार मासा दुसरा नाही असे आमचे मत आहे. तरीही नवशिके तिच्या मागे जातात आणि रिकाम्या पिशवीने परततात. मासा नसतो असे नाही. वेळ चुकते, जागा चुकते, गळ मोठा पडतो आणि आमिष मासा जिथे आहे त्याच्या फार पुढे जाऊन पडते.

वेळेपासून सुरुवात करतो. मुडदुशी उथळ वाळूवर चरते. ओहोटीला उघडी पडलेली वाळू भरतीच्या पाण्याखाली जाऊ लागली की वाळूतले किडे, बारीक कोळंबी, लहान खेकडे बाहेर पडतात आणि मुडदुशी त्यांच्या मागोमाग किनाऱ्याकडे सरकते. म्हणून भरती पूर्ण होण्याआधीचे दोन-अडीच तास हीच तिची खरी वेळ. पाणी थांबले की माशाचे आमिषाला टोचणे थांबते. उतरत्या पाण्याचा पहिला अर्धा तास कधी कधी बरा जातो, त्यानंतर मासा खोल चरात निघून जातो. ओहोटी पूर्ण असताना किनाऱ्यावर उभे राहून लांब लांब आमिष फेकत बसण्यात काही हशील नाही.

वेळा छापून येईपर्यंत जुना हिशोब वापरावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पहाटे आणि दुपारी, किंवा सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा साधारण तीच. अर्धा तास मागेपुढे धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ प्रत्यक्ष भरती हिशोबापेक्षा थोडी उशिरा येते. खाडीत जितके आत जाल तितकी ती आणखी उशिरा पोहोचते, म्हणून अपोलो बंदराची वेळ ठाण्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

या हिशोबातून एक चांगली गोष्ट निघते. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी या तीन तिथींना भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या सुमारास येते. म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढत असते, वारा सुटलेला नसतो आणि ऊन तापायच्या आत काम संपते. शुक्ल पक्षातल्या तीन आणि कृष्ण पक्षातल्या तीन, असे महिन्यातून सहा दिवस मिळतात. शिवाय या दिवसांत पाणी उधाणाकडे चाललेले असते, पण उधाणाइतके जोरकस नसते. ऐन उधाणात ओढ इतकी असते की हलके शिसे जागेवर राहत नाही आणि पाण्यातून शेवाळ, प्लास्टिक पिशव्या, फुलांचे हार दोरीला येऊन अडकतात. उलट अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या भरतीला, पाणी वाळूच्या वरच्या भागापर्यंत चढतच नाही, त्यामुळे मासा किनाऱ्याजवळ यायला कारण उरत नाही. द्वादशीच्या आसपासचा रविवार सापडला तर तो सोडू नये.

आता जागा. वाशीच्या पुलाखाली, ऐरोलीच्या बाजूला किंवा सारसोळे, करावे भागातल्या जेट्टींवर मुडदुशीसाठी उभे राहणाऱ्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की ही जागा तिची नव्हे. ठाणे खाडीचा वरचा भाग गाळाचा आहे. तिथे शिंगाळी, बोई, निवटी, खेकडे सापडतील. मुडदुशी चुकून एखादी मिळते, पण तिला हवी असते घट्ट, बारीक वाळू, ज्यात घाबरली की तोंड खुपसून ती गडप होऊ शकते. दुसरे कारण कायद्याचे आहे. ऐरोली आणि वाशी पुलांमधल्या खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा ठरतो. तिसरे कारण खाण्याचे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी या खाडीला मिळते. तळाच्या गाळात चरणारा मासा तिथून घरी आणू नये असे आम्हाला वाटते. मोठ्या पुलांच्या कठड्याला टेकून गळ टाकण्याबद्दल तर बोलायलाच नको. मागून भरधाव गाड्या जात असतात आणि रॉड मागे नेताना गळ कोणाच्या अंगात शिरेल याचा नेम नाही.

नवी मुंबईकरांसाठी सोयीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उरणची. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत पोहोचल्यापासून नेरुळ किंवा बेलापूरहून थेट जाता येते, पुढे पीरवाडीच्या किनाऱ्यापर्यंत रिक्षा. पीरवाडीला वाळू आणि खडक दोन्ही आहेत. खडकाकडे शिसे अडकून तुटत राहते, म्हणून मोकळी वाळू निवडावी. दोन दिवस हाताशी असतील तर अलिबागजवळची किहीम, वरसोली, आवास ही गावे. ठाणे, घोडबंदरकडच्यांना गोराई, उत्तन किंवा अर्नाळा सोयीचे पडतात.

पण नुसते पुळणीवर पोहोचून भागत नाही. पुळण वरून सपाट दिसली तरी तिच्यात चर आणि दांडे (पाण्याखालचे वाळूचे उंचवटे) असतात. लाटा जिथे फुटून पांढरा फेस होतो तिथे वाळूचा दांडा असतो. दोन फेसांच्या मधला, किंचित गडद आणि शांत पट्टा म्हणजे चर. मुडदुशी चराच्या किनाऱ्याकडच्या उतारावर फिरते. हे ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन किनारा पाहून येणे. द्वादशीला गळ टाकायचा असेल तर एकादशीला दुपारी अडीचच्या आसपास पाणी सर्वांत खाली असेल. त्या वेळी उघड्या वाळूवरून चालावे. जिथे शेवयांसारखी वाळूची बारीक वेटोळी दिसतात, सुईएवढी भोके दिसतात, खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या असतात, ती जागा लक्षात ठेवावी. वाळू पायाखाली घट्ट लागली पाहिजे; पाय घोट्यापर्यंत गाळात गेला तर पुढे चालावे. खुणेसाठी किनाऱ्यावरचे एक झाड आणि त्याच्या मागचा खांब किंवा घर अशा दोन वस्तू एका रेषेत धराव्यात. दुसऱ्या दिवशी पाणी आले की सगळे सारखेच दिसते आणि ही रेषाच कामी येते. आदल्या दिवशी जाणे ज्यांना जमत नाही त्यांनी भरतीच्या चार तास आधी पोहोचावे.

सामानाबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून ते सविस्तर लिहितो. गोंधळाचे एक कारण इंटरनेटवरचे व्हिडिओ. मुडदुशीला इंग्रजीत ‘व्हायटिंग’ही म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. युरोपात थंड समुद्रात जो व्हायटिंग धरतात तो कॉडच्या कुळातला, मोठ्या तोंडाचा. त्याच्यासाठी दीडशे ग्रॅमचे शिसे आणि मोठे गळ वापरतात. ते पाहून आपल्याकडची मुले तसेच सामान विकत घेतात. आपली मुडदुशी, शास्त्रीय नावाने सिलॅगो सिहामा, निराळ्या कुळातली आहे. तिची जवळची भावंडे ऑस्ट्रेलियाच्या वाळूवर आहेत. तिथल्या सँड व्हायटिंगबद्दलचे सल्ले आपल्याला बरेचसे लागू पडतात. युरोपातले पडत नाहीत.

मुडदुशीचे तोंड लहान, खाली वळलेले आणि नळीसारखे पुढे येणारे असते. वाळूतून ती किडा ओढून घेते. म्हणून गळ लांब दांड्याचा आणि बारीक हवा. डोळा असलेल्या गळांत ८ नंबर हा नेहमीचा. मासा मोठा लागत असेल तर ६, बारीक असेल तर १०. या मापात आकडा वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात विचारून घ्यावे, कारण काही जुन्या पाकिटांवरचे आकडे निराळ्या पद्धतीचे असतात. शंका असेल तर गळाच्या वाकाची रुंदी पाहावी. ती पाच ते सात मिलिमीटर असावी. लांब दांड्याचे दोन फायदे आहेत. किडा त्यावर सरळ ओवता येतो, आणि माशाने गळ आत घेतला तरी दांड्याचे टोक ओठाबाहेर राहते, त्यामुळे तो सोडवताना मासा फाटत नाही. टोक अंगठ्याच्या नखावर हलके घासून पाहावे. नखावर घसरत असेल तर गळ बदलावा. वाळूवर ओढून ओढून टोक बोथट होते आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मुख्य तंगूस (नायलॉनची दोरी) ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीचे पुरेसे आहे. ०.४० चे जाड तंगूस पाण्यात दिसते, वाऱ्यावर कमानीसारखे फुगते, त्याला ओढून धरायला जड शिसे लागते, आणि जड शिशामुळे माशाची टोच हाताला कळत नाही. एक चूक अशी पुढच्या तीन चुकांना जन्म देते. मुख्य दोरीत आधी भोकाचे गोल किंवा अंडाकृती शिसे सैल ओवावे, मग एक छोटा मणी, मग स्विव्हल (दोन्ही टोके सुटी फिरणारी जोडकडी) बांधावे. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ०.१८ ते ०.२० मिलिमीटरचे ४० ते ६० सेंटीमीटर लांब तंगूस आणि टोकाला गळ. शिसे सैल असल्यामुळे मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. मणी नसेल तर शिसे फेकताना गाठीवर आदळून ती कमकुवत करते. शिशाचे वजन शांत पाण्यात ७ ते १० ग्रॅम, थोड्या लाटेत १५, जास्तीत जास्त २०. त्याहून जास्त लागत असेल तर त्या दिवशी जागा बदलावी. शिसे दातांनी दाबायची काही जणांना सवय असते, ती सोडावी. शिसे विषारी आहे. पक्कड जवळ ठेवावी, आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये.

दोन गळ लावायचे असतील तर शिसे सर्वांत खाली आणि त्याच्या वर ३० आणि ६० सेंटीमीटरवर बोटभर लांबीच्या दोन फांद्या, अशी रचना करावी. लाट असताना ही रचना कमी गुंतते. पण वाळूवर हळूहळू ओढत आणायच्या पद्धतीला ती चालत नाही, कारण गळ वाळूपासून वर उचलले जातात. आमची पसंती एका गळाला आहे.

गाठ बांधताना तंगूस डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच पीळ द्यावेत, टोक पहिल्या फासातून परत काढावे आणि ओढण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओले करावे. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापते, पांढरे पडते आणि तिथेच तुटते. बिनडोळ्याच्या, चपट्या टोकाच्या गळाला दांड्याभोवती सात-आठ घट्ट वेढे घ्यावे लागतात. गळाजवळ लाल मणी किंवा वायरीच्या लाल आवरणाचा सेंटीमीटरभर तुकडा ओवला तर गढूळ पाण्यात थोडा उपयोग होतो. स्वच्छ पाण्यात फरक पडत नाही.

रॉड सात ते आठ फुटी, मऊ टोकाचा, १० ते ३० ग्रॅम फेकणारा. रीळ २५०० क्रमांकाचे. ब्रेक इतका सैल की हाताने जोराने ओढल्यावर दोरी सुटली पाहिजे. रॉड घेणे परवडत नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळून, हाताने फिरवून फेकूनही मुडदुशी उत्तम लागते. ती गुडघाभर पाण्यात असते, हे एकदा पटले की महागड्या रॉडची गरज उरत नाही.

आमिषात पहिला क्रमांक वाळूतल्या जिवंत किड्याचा. ओहोटीच्या वेळी ओलसर वाळूत वीतभर खोल खणले की लालसर, दोन्ही कडांना बारीक पायांसारखे केस असलेले किडे मिळतात. खणलेला खड्डा पुन्हा बुजवावा. किडे ओलसर वाळूत किंवा समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात, सावलीत ठेवावेत. गोडे पाणी लागले की ते मरतात आणि विरघळल्यासारखे मऊ होतात. बर्फाच्या पेटीत थेट ठेवले तर वितळलेल्या बर्फाचे पाणी हेच करते, म्हणून डबा बंद हवा. किडा तोंडाच्या बाजूने गळावर चढवून दांड्यावर मोज्यासारखा वर सरकवावा आणि टोकापुढे सेंटीमीटरभर शेपटी मोकळी ठेवावी. त्याहून लांब शेपटी ठेवली की मासा ती तोडून नेतो आणि गळ रिकामा येतो.

दुसरे आमिष करंदी किंवा बारीक कोळंबी. बाजारातून ताजी घ्यावी. डोके लाल-काळे पडलेली नको. सोलून दीड सेंटीमीटरचे तुकडे करावेत. कोळंबीचे मांस पाण्यात लवकर मऊ होऊन गळून पडते, ही तिची मोठी खोड. उपाय मिठाचा. पाव किलो सोललेल्या करंदीला दोन चमचे खडे मीठ चोळून चाळणीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, सुटलेले पाणी खाली निघून जाऊ द्यावे. सकाळी तुकडे रबरासारखे चिवट होतात आणि चार-पाच फेकींना टिकतात. तिसरे, माकुळाची (स्क्विडची) काडीपेटीतल्या काडीएवढी रुंद, दोन-तीन सेंटीमीटर लांब पट्टी. ती सर्वांत टिकाऊ, पण मुडदुशीला तिचे वेड कमी. बारीक मासे आमिष पळवत असतील त्या दिवशी कामाची. शिवल्यांचे (शिंपल्यांचे) मांस चालते, फार मऊ असते, शिवणकामाच्या दोऱ्याचे तीन वेढे द्यावे लागतात. बागेतले गांडूळ खाऱ्या पाण्यात लगेच मरते. काहीच नसेल तेव्हाच वापरावे.

आमिष कोणतेही असो, ते गळावर सरळ बसले पाहिजे. वाकडा तुकडा ओढताना पंख्यासारखा फिरतो, बारीक तंगुसाला पीळ पडतो आणि दहा फेकींत त्याचा गुंता होतो. लोक तंगुसाला दोष देतात, चूक आमिष लावण्यात असते.

फेक. इथेच बहुतेकांचे बिघडते. पहिल्या फेकी पाण्यात पाऊल न टाकता, काठावरूनच, दहा-पंधरा मीटरवर कराव्यात. मासा अगदी जवळ असतो आणि आपण पाण्यात शिरून त्याला आधीच पळवून लावतो. नाहीच लागला तर थोडे पुढे, पंचवीस मीटरपर्यंत. शिसे तळाला टेकल्यावर दोरीतला सैलपणा गुंडाळून घ्यावा आणि रिळाचे हॅंडल अर्धा वेढा फिरवून थांबावे. मनात पाच-सहा आकडे मोजावेत, पुन्हा अर्धा वेढा. शिसे सरकताना वाळूचा लहानसा धुरळा उडतो, किडा किंवा कोळंबी पळते आहे असे माशाला वाटते आणि तो पाठलाग करतो. आमिष एकाच जागी पडून राहिले तर खेकडे आणि केंड (अंग फुगवणारा मासा) ते संपवतात. काठापासून शेवटच्या दोन मीटरपर्यंत हे चालू ठेवावे. आमिष अर्ध्यातून भराभर ओढून घेणाऱ्यांची पुष्कळ मुडदुशी तिथेच सुटते.

टोच येते ती टकटक-टकटक अशी, भराभर. पहिल्या टकटकीला रॉड जोरात झटकू नये. ओठ मऊ असतो, फाटतो, किंवा गळ अजून तोंडात गेलेलाच नसतो. हॅंडल त्याच संथ गतीने फिरवत राहावे. टकटक थांबून वजन जाणवले की रॉडचे टोक हळूच वर घ्यावे, एवढे पुरे. टोचून सोडून दिले तरी आमिष बाहेर काढू नये, दोन-तीन वेढे ओढून थांबावे. मुडदुशी लहान थव्याने फिरते, मागची पुढे येते. एक लागली की खूण पाहून पुन्हा त्याच पट्ट्यात फेकावे. पाण्याची उंची वाढेल तसा तो पट्टा किनाऱ्याकडे सरकतो. आपणही मागे सरकायचे, पुढे नाही. वीस मिनिटांत एकही टोच आली नाही तर जागा बदलावी, तीस-चाळीस पावले बाजूला.

गळ पुन्हा पुन्हा स्वच्छ होऊन येतो आणि टोच जाणवत नाही, तेव्हा बहुधा खेकडे असतात. आमिष थांबवण्याचा वेळ कमी करावा. तंगूस गळाजवळ कात्रीने कापल्यासारखे तुटून आले तर केंड. केंड खायचा नाही, तो विषारी असतो. केंडांचा थवा असेल तिथून पन्नास पावले दूर जाणे हाच इलाज. टोच येते पण मासा लागत नाही असे असेल तर तुकडा अर्धा करावा आणि १० नंबरचा गळ लावावा.

हंगाम पावसाळ्यानंतरचा, समुद्र निवळला की सुरू होतो. पाणी गुडघाभर खोलीवर आपल्या पायाची बोटे दिसतील इतके स्वच्छ असेल तर पहाटेची आणि ढगाळ वेळ चांगली, अंधूक असेल तर ऊन आल्यावरची. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाट वाढते, वाळू ढवळते आणि हलक्या सामानाने काही कळत नाही. दोन दिवस जोराचे वारे वाहिले असतील तर तिसऱ्या दिवशी लगेच जाऊ नये.

सुरक्षेच्या काही गोष्टी. उथळ पाण्यात वाळूखाली पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेली असते. पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत चालावे म्हणजे ती निघून जाते. जुने बूट घालावेत. गळाला शिंगाळी लागली तर तिला हाताने धरू नये; पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. पक्कडीने गळ काढावा, नाही निघाला तर तंगूस कापावे. पाखटीचा किंवा शिंगाळीचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. त्याने वेदना उतरते. भाजणार नाही याची खात्री दुसऱ्या माणसाने स्वतःचा हात बुडवून करावी, कारण जखमीला तापमान नीट कळत नाही. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचेच. काटा आत तुटलेला असू शकतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शन लागते. भरतीत दांड्यावर उभे राहिलात तर मागच्या चरात पाणी आधी भरते आणि परतीची वाट खोल होते. म्हणून पाणी चढताना दांड्यावर जाऊच नये.

किनारा ज्यांच्या पोटापाण्याचा आहे त्यांच्याबद्दल. कोळी आणि आगरी बांधव पाग (फेकजाळे) टाकत असतील, जाळी लावलेली असतील, बायका शिवल्या वेचत असतील तिथून लांब राहावे. त्यांच्या जाळ्यात अडकलेला एक गळ हात फाडतो. तुटलेले तंगूस वाळूत टाकू नये. ते कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांना आणि पंखांना गुंडाळते. बोटभर लांबीचे तुकडे करून बाटलीत भरून घरी आणावे.

पंधरा सेंटीमीटरच्या आतली मुडदुशी परत सोडावी. ती अजून एकदाही अंडी घालण्याजोगी झालेली नसण्याची शक्यता मोठी, आणि ताटातही तिच्यातून काटेच निघतात. रॉडवर पंधरा सेंटीमीटरवर रंगाची खूण करून ठेवली की मोजपट्टी लागत नाही. सोडायच्या माशाला हात ओले करून धरावे, कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो. गळ घशात गेला असेल तर ओढू नये, तंगूस ओठाजवळ कापून सोडावे. घरी चार माणसे असतील तर दहा-बारा मासे पुष्कळ झाले. लागतात म्हणून पन्नास धरण्यात शहाणपण नाही.

ठेवलेला मासा उन्हात पिशवीत टाकू नये. मुडदुशीचे पोट पातळ असते, खाल्लेल्या किड्यांमुळे तासाभरात फुटू लागते. पेटीत दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचे पाणी घेऊन त्यात मासा पकडल्याबरोबर बुडवावा. परतीच्या आधी तिथेच पोट साफ करून घेतले तर उत्तम; आतडी काढून कण्याजवळची काळी रक्ताची रेघ नखाने खरवडावी, कडवटपणा तिथेच असतो. खवले बारीक पण घट्ट असतात. चमच्याच्या काठाने शेपटीकडून डोक्याकडे, पाण्याच्या भांड्यात बुडवून खरवडले म्हणजे ते स्वयंपाकघरभर उडत नाहीत. मीठ, हळद, तिखट, आगळ लावून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मुरवू नये, मांस नाजूक असते. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून, मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटे, आणि उलटायची एकदाच.

आपले,
गळाने मासे धरणारे नेरुळ-बेलापूर परिसरातील काही वाचक,
नवी मुंबई